तुंबलेली मोरी : निदान, उपचार आणि परिभाषा

घरातील सांडपाणी वाहून नेणारी व्यवस्था सुरळीत चालू असेपर्यंत तिचे अस्तित्व कोणाच्या ध्यानीही येत नाही. ती बंद पडली म्हणजे मात्र घराचा सगळा व्यवहार अडतो, आणि त्याच वेळी भाषेची एक अडचणही उघडी पडते. गृहस्थ किंवा गृहिणी 'मोरी तुंबली' एवढेच सांगते. दुरुस्तीस आलेल्या नळ-कारागिरास मात्र काय अडले, कोठे अडले आणि ते कशाने सुटेल, हे तीन निरनिराळे प्रश्न सोडवावयाचे असतात. ह्या तीन प्रश्नांची उत्तरे तो ज्या पद्धतीने शोधतो ती पद्धत तर्कशुद्ध असून तिच्यात भौतिकशास्त्राचे व रसायनशास्त्राचे काही मूलभूत नियम प्रत्यक्ष राबत असतात. ही पद्धत समजावून देणे हा प्रस्तुत लेखाचा पहिला उद्देश होय. मराठीतील नित्याच्या क्रियापदांत ह्या निदानाचा बराचसा भाग आधीच कसा साठविलेला आहे, हे दाखविणे हा दुसरा.

१. व्यवस्थेची रचना

'मोरी' ह्या शब्दाचे मराठीत दोन अर्थ आहेत. धुण्याभांड्यांची, अंग धुण्याची जागा म्हणजे मोरी, आणि त्या जागेतून पाणी बाहेर नेणारी वाटही मोरीच. मुंबईच्या चाळीतील खोलीच्या कोपऱ्यात कठडा घालून केलेली मोरी ही पहिल्या अर्थाची. 'मोरीत उंदीर शिरला' ह्या वाक्यातील मोरी दुसऱ्या अर्थाची. जागेचे नाव वाटेस मिळाले किंवा वाटेचे जागेस, हा प्रश्न येथे बाजूस ठेवला तरी चालेल. 'मोरी तुंबली' ह्या वाक्यात मात्र हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे : दिसते ती जागा, अडलेली असते ती वाट.

ह्या वाटेचा पहिला महत्त्वाचा भाग म्हणजे ट्रॅप. नळीस मुद्दाम दिलेल्या वळणात थोडे पाणी सदैव अडून राहते आणि त्या पाण्याच्या पडद्यामुळे गटारातील वायू व किडे घरात येऊ शकत नाहीत. हा पडदा साधारणतः ५० मिलिमीटर खोलीचा असतो. लंडन येथील घड्याळे बनविणारा कारागीर अलेक्झांडर कमिंग ह्याने १७७५ साली शौचपात्राखालील नळीस इंग्रजी 'एस' अक्षरासारखे वळण देण्याच्या युक्तीचे पेटंट घेतले; आजच्या सर्व ट्रॅपांचे तत्त्व तेच आहे. हात धुण्याच्या पात्राखाली बाटलीच्या आकाराचा ट्रॅप असतो, तर न्हाणीघराच्या जमिनीत बसविलेल्या ट्रॅपास 'नहाणी ट्रॅप' असे म्हणतात. हे नाव भारतातील बांधकामविषयक इंग्रजी ग्रंथांतही तसेच आढळते. संस्कृत 'स्नान', प्राकृत 'ण्हाण', मराठी 'न्हाणे' ह्या परंपरेतील शब्द इंग्रजी नामास जोडून झालेला हा संकर-समास येथल्या कारागिराने इंग्रजी परिभाषेस दिलेली देणगीच मानावी लागेल. घराबाहेरील 'गली ट्रॅप' मराठी कानास गल्लीची आठवण करून देतो. परंतु त्यातील 'गली' हा पाण्याच्या ओहळीचा वाचक असा इंग्रजी शब्द असून आपल्या गल्लीशी त्याचा व्युत्पत्तीच्या दृष्टीने काही संबंध नाही.

ट्रॅपानंतर शाखानळी, तीनंतर उभा नळ, मग जमिनीखालचा आडवा नळ व त्यावर ठिकठिकाणी तपासणीची चेंबरे असा क्रम असतो. जुन्या इमारतींतून दोन उभे नळ वेगळे असत : एक मोरी-न्हाणीच्या पाण्याचा, दुसरा शौचकूपाचा. मराठीत 'सांडपाणी' व 'मैलापाणी' असा जो भेद केला जातो तो ह्या दुहेरी रचनेशी तंतोतंत जुळतो. पहिल्या नळाचे पाणी गली ट्रॅपातून गेल्यावरच दुसऱ्या नळाच्या वाटेस मिळते.

ही सर्व वाट केवळ उतारावर चालते. तिला पंप नसतो. म्हणून उताराचे प्रमाण निर्णायक ठरते. चार इंची नळास ४० फुटांत १ फूट, सहा इंची नळास ६० फुटांत १ फूट, हा कारागिरांचा जुना ठोकताळा आहे. पाण्याचा वेग सेकंदास सुमारे ०.६ ते ०.७५ मीटर राहिला तर ते आपल्याबरोबर गाळ ओढून नेते. वेग त्याहून कमी झाला की गाळ मागे राहू लागतो. ज्या घरात एकच नळी वारंवार तुंबते तेथे दोष घरच्यांच्या सवयींचा नसून उताराचा असण्याचा संभव पुष्कळ असतो, आणि तो दोष कोणत्याही औषधाने जात नाही.

२. 'तुंबणे' आणि त्याची सोबती क्रियापदे

'तुंबणे' ह्या क्रियापदाचा संबंध कन्नडमधील 'तुंबु' म्हणजे 'भरणे' ह्या धातूशी जोडला जातो. हा संबंध अर्थाच्या दृष्टीनेही उद्बोधक आहे. तुंबणे म्हणजे अडणे नव्हे. अडल्यामुळे मागे भरत जाणे. म्हणूनच पाणी तुंबते, गटार तुंबते आणि कचेरीतील कामही तुंबते. ह्या क्रियापदाने परिणाम सांगितला जातो, कारण नव्हे. वैद्यकातील 'ताप' ह्या शब्दासारखेच ते लक्षणवाचक आहे.

कारणे सांगणारी क्रियापदे निराळी असून मराठीत ती पुरेशी सूक्ष्म आहेत. केस व धागे 'गुंततात'. तूप, तेल, साबणाचा मळ 'थिजतो'. माती, वाळू, चहाचा चोथा 'साचतो'. चमचा, झाकण, खेळणे 'अडकते'. खाऱ्या पाण्यातील क्षार नळीच्या अंगास 'बसतात'. झाडांची मुळे सांध्यातून 'शिरतात'. ह्या सहा क्रिया एकमेकींच्या जागी वापरता येत नाहीत. वाळू थिजली किंवा चमचा साचला असे कोणी म्हणणार नाही. आणि कारागिराच्या दृष्टीने पाहता ह्या सहा क्रियांचे उपचारही सहा आहेत : गुंतलेले ओढून काढावयाचे, थिजलेले धुऊन किंवा विरघळवून न्यावयाचे, साचलेले उपसावयाचे, अडकलेले परत मागे आणावयाचे, बसलेले खरवडावयाचे आणि शिरलेले कापावयाचे. 'चोंदणे' हे नाकाप्रमाणे अरुंद झालेल्या वाटेचे वर्णन करते. तेथे पाणी जाते, पण सावकाश. 'बुजणे' म्हणजे पूर्ण बंद होणे. चोंदल्यापासून बुजेपर्यंतचा काळ हाच उपचारास सर्वांत सोयीचा होय.

कारणांचे स्वरूप कालमानाप्रमाणे पालटलेले आहे. राखेने व काथ्याने भांडी घासली जात त्या काळी मोरीत राख, माती आणि नारळाच्या शेंड्या साचत. न्हाणीत शिकेकाईचा चोथा जाई. आज ओट्यावरील सिंकातून तेल व तूप, आणि शौचकूपातून पुसण्याचे कापडी कागद व आरोग्य-पट्ट्या जातात. सांडपाण्यातील मेदाम्लांचा कॅल्शियमशी संयोग होऊन साबणासारखा कठीण पदार्थ बनतो व त्यात कापड-कागद रुतून बसतात. लंडनमधील व्हाइटचॅपेल भागाच्या गटारात २०१७ साली असा सुमारे १३० टन वजनाचा व २५० मीटर लांबीचा थर सापडला होता. घरातील सिंकाखालचा पांढरट मळ हे त्याचेच बालरूप होय.

३. स्थाननिश्चिती

अनुभवी कारागीर हत्यार हाती घेण्यापूर्वी पाणी सोडून पाहतो. एकच पात्र तुंबले असेल तर दोष त्याच्या जाळीत, ट्रॅपात किंवा शाखानळीत आहे. एकाच शाखेवरील दोन पात्रे तुंबली असतील तर दोष त्या दोहोंच्या संगमापलीकडे आहे. वरच्या मजल्यावर पाणी सोडले असता तळमजल्याच्या न्हाणीतून ते वर येत असेल तर मुख्य नळ अडलेला आहे. पाणी जाते, पण शेजारच्या ट्रॅपातून गुडगुड असा आवाज येतो, तेव्हा हवा खेळण्याची वाट अपुरी आहे असे समजावे : वाहत्या पाण्यामागे निर्माण होणारी पोकळी भरून काढण्यासाठी हवा ट्रॅपातील पाण्यामधून ओढली जात असते. आणि नळी न तुंबताच दुर्गंधी येत असेल तर बहुधा न वापरलेल्या ट्रॅपातील पाणी वाळलेले असते; त्यावर तांब्याभर पाणी ओतणे हाच उपाय.

जमिनीखालील नळाच्या बाबतीत चेंबरे साक्षीदाराचे काम करतात. ओळीने चेंबरांची झाकणे उघडली असता काही भरलेली व काही कोरडी आढळतात. शेवटचे भरलेले चेंबर आणि पहिले कोरडे चेंबर ह्यांच्या दरम्यान अडथळा आहे, हा निष्कर्ष अचूक असतो. ह्या एका नियमामुळे जमीन उगाच खणण्याचे श्रम वाचतात. सर्व चेंबरे भरलेली असतील तर दोष घराच्या हद्दीबाहेर, नगरपालिकेच्या वाहिनीत आहे, आणि घरमालकाने आत कितीही खटपट केली तरी ती व्यर्थ ठरते.

४. यांत्रिक उपचार

उपचारांचा क्रम सौम्यापासून तीव्राकडे असतो. प्रथम जाळी काढून आकड्याच्या तारेने केसांचा गुंता ओढावा. बाटली-ट्रॅपाखाली बादली ठेवून त्याची तळवाटी हाताने फिरवून उघडावी. बहुसंख्य तक्रारी येथेच संपतात.

त्यानंतर प्लंजर, म्हणजे दांडा लावलेली रबरी वाटी. हे हत्यार साधे दिसते, परंतु ते चुकीने वापरले जाते म्हणूनच निरुपयोगी ठरते. पाणी जवळजवळ दाबले जात नाही. हवा दाबली जाते. वाटीखाली हवा राहिली तर हाताचा जोर ती हवा आवळण्यातच खर्ची पडतो. ह्यास्तव वाटी पूर्ण बुडेल इतके पाणी पात्रात असावे आणि वाटी तिरपी बुडवून आतील हवा जाऊ द्यावी. पात्राच्या कडेचे जादा पाण्याचे भोक, तसेच जोडसिंक असल्यास दुसरे तोंड, ओल्या फडक्याने घट्ट बंद करावे. नाही तर दाब अडथळ्यापर्यंत न पोहोचता त्या वाटेने निसटतो. मग एका लयीत पंधरावीस वेळा दाबावे व ओढावे. ओढण्याचे महत्त्व दाबण्याहून कमी नाही. केवळ दाबल्याने गोळा अधिक घट्ट बसण्याचा संभव असतो; पुढे-मागे हलविल्याने तो सुटा होतो.

ट्रॅपापलीकडील अडथळ्यासाठी लवचीक पोलादी स्प्रिंग वापरतात. लहान नळ्यांस सहा ते दहा मिलिमीटर जाडीची, मोठ्या नळास त्याहून जाड. ती फिरवीत आत सारावयाची असते. वळण व अडथळा ह्यांतील फरक हातास कळणे हे ह्या कलेचे मर्म होय : वळणावर स्प्रिंग थबकते, पण फिरविताच पुढे सरकते, अडथळ्यावर ती सरकत नाही आणि तिच्यात पीळ साठू लागतो. पीळ साठल्यावर जोर लावीत राहिल्यास स्प्रिंग तुटते किंवा उसळून हातावर येते. अशा वेळी थोडे मागे घेऊन पुन्हा फिरवावे आणि गुंता लागला असे वाटताच ओढून काढावा. यांत्रिक स्प्रिंग चालविताना कापडी हातमोजे घालू नयेत. ते फिरत्या तारेत गुंडाळले जातात. मोजे चामड्याचे असावेत. विजेच्या मोटारीवर चालणाऱ्या ह्या यंत्राचा एक प्रसिद्ध पूर्वज अमेरिकेतील आयोवा राज्यात सॅम्युएल ब्लँक ह्याने १९३३ साली तयार केला. कपडे धुण्याच्या यंत्राची मोटार, चाकांच्या बुटांची चाके व पोलादी तार एवढ्या सामग्रीवर त्याने नळातील झाडांची मुळे कापणारे यंत्र उभे केले.

जमिनीखालील सरळ नळासाठी बांबूच्या कामट्या किंवा एकमेकींस पेचाने जोडावयाच्या काठ्या वापरतात. पेचाच्या काठ्यांबाबत नियम एकच, पण तो मोडल्यास काम दुप्पट होते : काठी आत असताना ती पेच आवळण्याच्या दिशेनेच फिरवावी. उलट फिरविली की जोड सुटतो आणि पुढील काठ्या नळातच राहून त्या स्वतःच नवा अडथळा होऊन बसतात.

सर्वांत प्रभावी साधन म्हणजे उच्च दाबाचा जलझोत. त्याच्या तोंडास मागे वळलेली छिद्रे असतात. त्यांतून पाणी जोराने मागे उसळते आणि त्याच्या प्रतिक्रियेने नळी स्वतःच पुढे ओढली जाते. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाचे इतके निरलंकृत प्रात्यक्षिक क्वचितच पाहावयास मिळते. मागे उसळणारे पाणी सुटलेला मळही बरोबर परत आणते. थिजलेल्या मेदावर स्प्रिंगचा उपाय अपुरा पडतो, कारण ती थरात केवळ बोगदा पाडते व तो काही दिवसांत पुन्हा भरतो. झोत मात्र नळीची अंगे घासून काढतो. परंतु तडकलेल्या जुन्या चिनी मातीच्या नळांत तो धोक्याचा ठरतो. म्हणून आधी कॅमेरा सोडून नळाची स्थिती पाहण्याची प्रथा आता रूढ झाली आहे.

५. रासायनिक उपचार आणि त्यांचे धोके

दुकानात मिळणाऱ्या मोकळे करणाऱ्या चूर्णांत बहुधा कॉस्टिक सोडा असतो. तो मेदाचा साबण बनवितो आणि केसांतील प्रथिनाचे विघटन करतो. म्हणजे थिजलेल्यावर व गुंतलेल्यावर त्याची मात्रा चालते. अडकलेल्या चमच्यावर किंवा साचलेल्या वाळूवर तिचा काही परिणाम नाही. पाण्यात मिसळताना सोड्यातून पुष्कळ उष्णता निघते, आणि तो पूर्ण बुजलेल्या नळीत टाकल्यास तेथेच कठीण गोळा होऊन बसू शकतो. अॅल्युमिनियमच्या वस्तूवर पडल्यास ज्वालाग्राही हायड्रोजन वायू निघतो. हायड्रोक्लोरिक आम्ल बसलेले क्षार विरघळविते, पण बिडाचा नळ आणि लादीही खाते. उकळते पाणी मेद वितळविते खरे. तथापि तो मेद पुढे थंड होऊन पुन्हा थिजतो, आणि प्लॅस्टिकच्या नळ्या व त्यांचे सांधे त्या उष्णतेने मऊ पडू शकतात.

खरा प्राणघातक धोका मिश्रणाचा. आम्ल आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आल्यास क्लोरिन वायू सुटतो. लहानशा बंद न्हाणीघरात तो श्वसनमार्गास गंभीर इजा करतो. सोडा व आम्ल एकत्र आल्यास मिश्रण उकळून अंगावर उडते. एक उपाय फसला म्हणून त्यावर दुसरा ओतण्याची घरगुती सवय ह्यासाठीच सर्वस्वी त्याज्य आहे. आणि रसायन टाकूनही नळी मोकळी झाली नाही, तर कारागिरास ते सांगणे हे घरमालकाचे कर्तव्य होय. अन्यथा स्वच्छ दिसणाऱ्या ज्या पाण्यात तो हात घालणार, ते दाहक द्रावण आहे हे त्यास कळावे कसे? येथे एका वाक्याचे मोल एका माणसाच्या डोळ्यांइतके असू शकते.

६. हाताची मर्यादा

वर वर्णिलेल्या सर्व हत्यारांचे एक समान कार्य आहे : माणसाचा हात आणि घाण ह्यांच्यामध्ये अंतर निर्माण करणे. आपल्या समाजाने दीर्घकाळ हे अंतर हत्याराने नव्हे, तर जातीने निर्माण केले. विशिष्ट जातींच्या माणसांनी उघड्या हातांनी व उघड्या अंगाने गटारात उतरावे आणि इतरांनी त्यांच्यापासून दूर राहावे, ही ती व्यवस्था होती. 'सांडपाणी' व 'मैलापाणी' ह्या शब्दभेदाबरोबर ते काढणाऱ्या माणसांचाही भेद चालत आला, हे भाषेच्या अभ्यासकाने विसरता कामा नये. नळ-कारागिराचे काम जेथे संपते आणि सफाई कामगाराचे जेथे सुरू होते, ती सीमारेषा तंत्राने नव्हे, समाजाने आखलेली होती.

बंद गटारात व मलकुंडात हायड्रोजन सल्फाइड व मिथेन हे वायू साचतात आणि प्राणवायू कमी पडतो. हायड्रोजन सल्फाइडचा वास सडक्या अंड्यासारखा असतो. परंतु त्याचे प्रमाण वाढले की घ्राणेंद्रिय बधिर होते व वास येईनासा होतो. 'आता वास गेला, उतरण्यास हरकत नाही' हा तर्क म्हणूनच मृत्यूकडे नेणारा आहे. पहिला माणूस कोसळला की त्यास काढण्यासाठी दुसरा उतरतो आणि तोही परत येत नाही. ह्या दुर्घटनांत एकाहून अधिक बळी पडतात त्याचे हे कारण. २०१३ च्या केंद्रीय कायद्याने संरक्षक साधनांवाचून गटारे व मलकुंडे साफ करण्यासाठी माणसास उतरविण्यास बंदी केली. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली, १९९३ पासून अशा कामात मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबांस १० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला आणि २०२३ साली ती रक्कम ३० लाख केली. तुंबलेले मलकुंड मोकळे करण्यासाठी घरमालक जेव्हा स्वस्तात माणूस शोधतो, तेव्हा तो केवळ गैरसोय टाळीत नसतो. शोषक यंत्राच्या भाड्याऐवजी एका जिवाची जोखीम तो पत्करीत असतो, आणि तो जीव त्याचा स्वतःचा नसतो.

७. समारोप

तांत्रिक परिभाषेची चर्चा बहुधा नामांभोवती फिरते. 'ट्रॅप'ला काय म्हणावे, 'प्लंबर'ला 'नळ-कारागीर' म्हणावे की नाही, ह्यावर वाद होतात. प्रत्यक्ष कामात मात्र परकी नामे फारशी आड येत नाहीत. चेंबर, ट्रॅप, एल्बो हे शब्द कारागिरांनी केव्हाच आपलेसे केले आहेत. कामाची सूचना उभी राहते ती क्रियापदांवर, आणि तेथे मराठी मुळीच दरिद्री नाही. गुंतणे, थिजणे, साचणे, अडकणे, बसणे, शिरणे ह्या भेदांवर आधारलेली सुरक्षिततेची एखादी पुस्तिका कारागिरास सहज कळेल. 'अवरोध-निर्मूलन' अशा शीर्षकाखाली तीच माहिती दिल्यास ती कपाटात पडून राहील. सूचनेतील शब्द न कळल्याची किंमत काही कामांत गैरसोयीने चुकविता येते, काही कामांत प्राणाने. गटाराचे झाकण उघडणारा माणूस दुसऱ्या वर्गात मोडतो. त्याच्यासाठी लिहिले जाणारे मराठी त्याच्या तोंडच्या मराठीपासून दूर असू नये, एवढे बंधन तरी परिभाषा घडविणाऱ्यांनी स्वतःवर घालून घेणे अगत्याचे आहे.